सुपरहिरो या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांच्या उगमाविषयी लिहायला लागल्यापासून ज्या शब्दाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते, तो हा. विचारणाऱ्यांत शाळेचा प्रकल्प पुढ्यात घेऊन बसलेले पालक असतात, भाषांतरकार असतात आणि लहानपणीचे कॉमिक्सचे अंक अजून जपून ठेवलेले वाचकही असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुपरहिरो म्हणजे नेमकं कोण?

सामान्य माणसाला जमणार नाही असं काही ज्याला जमतं आणि ते जो स्वतःसाठी न वापरता दुसऱ्यांसाठी वापरतो, तो सुपरहिरो. रोजच्या बोलण्याला एवढी व्याख्या पुरते.

अभ्यासक जरा काटेकोर असतात. पीटर कूगन या अमेरिकी अभ्यासकाने तीन खुणा सांगितल्या आहेत: ध्येय, शक्ती आणि ओळख. ओळख म्हणजे वेगळं नाव, वेगळा पोशाख आणि बहुतेकदा खरं नाव गुप्त ठेवणं. या तिन्हींत मला पहिली खूण सर्वांत महत्त्वाची वाटते. शक्ती खलनायकाकडेही असते, पोशाखही असतो. फरक पडतो तो शक्ती कुणाच्या बाजूने उभी राहते यामुळे.

२. हा शब्द कोणत्या भाषेतला? "सुपर" आणि "हिरो" यांचा मूळ अर्थ काय?

जोडशब्द इंग्रजीतला आहे, पण त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या भाषांतून आले आहेत. "सुपर" लॅटिन आहे, अर्थ "वर". "हिरो" ग्रीक आहे. ग्रीकांचा हिरो हा बहुतेकदा देव आणि माणूस यांच्या मधला असे. हेराक्लीजचा बाप देव आणि आई मानवी. असे हिरो मेल्यावर त्यांच्या थडग्यापाशी लोक नैवेद्य ठेवत. म्हणजे मूळ हिरो हा पूज्य पूर्वज होता. गोष्टीतलं किंवा नाटकातलं मुख्य पात्र हा अर्थ त्याला फार पुढे चिकटला, आणि सिनेमामुळे आपल्याकडे तोच रूढ झाला.

"सुपर"ची एक गंमत मराठी माणसाला माहीत असायला हवी. लॅटिन "सुपर", ग्रीक "हायपर", जर्मन "ऊबर", इंग्रजी "ओव्हर" आणि संस्कृत "उपरि" ही सगळी एकाच मुळाची भावंडं आहेत. आपला "वर" हा शब्द "उपरि"पासूनच आला. तेव्हा "टेबलावर" म्हणतानाचा "वर" आणि "सुपरहिरो"मधला "सुपर" हे लांबचे का होईना, नातलग आहेत.

३. मग "हिरो" आणि "वीर" हेही एकच का? ऐकायला किती सारखे वाटतात!

नाही. हा समज पसरलेला आहे, पण "वीर"चं नातं वेगळीकडे आहे. संस्कृत "वीर" आणि लॅटिनमधला "विर" (पुरुष) हे सख्खे आहेत. ग्रीक "हिरो"च्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण "वीर"शी त्याचा संबंध लागत नाही.

शब्द वेगळे असले तरी कल्पना मात्र जवळच्या आहेत. गावाबाहेर, देवळाच्या आवारात, कधी नुसत्या पिंपळाखाली उभा असलेला वीरगळ आठवा. दगडाच्या खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंसाठी झालेली चकमक, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन जाताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. गावाची गुरं वाचवताना मेलेल्या माणसाला शेंदूर लावून, फूल वाहून लक्षात ठेवायचं, हे ग्रीकांनाही लगेच समजलं असतं.

४. शब्द पहिल्यांदा कधी वापरला गेला? कॉमिक्सवाल्यांनीच बनवला ना?

नाही, शब्द कॉमिक्सहून जुना आहे. इंग्रजीत त्याचा छापील वापर निदान १८९९ पासून सापडतो. त्या वेळी अर्थ साधा होता: असामान्य माणूस, वीरांमधला वीर. त्यात मुखवटा नव्हता, उडणं नव्हतं.

सुपरमॅन १९३८ मध्ये आला, तरी त्याच्या प्रकारच्या पात्रांना लगेच सरसकट सुपरहिरो म्हणायला लागले असंही झालं नाही. त्या काळात "मिस्टरी मेन" किंवा "पोशाखवाले हिरो" असं म्हटलं जाई. धंद्यातले लोक तर सरळ "लांब अंतर्वस्त्रवाले" म्हणत, कारण तो अंगासरशी बसणारा पोशाख तसाच दिसे. एका अख्ख्या कथाप्रकाराचं नाव म्हणून "सुपरहिरो" पक्का झाला तो १९६० च्या दशकात. तेव्हा फँटॅस्टिक फोर (१९६१) आणि स्पायडरमॅन (१९६२) आले आणि हा प्रकार नव्याने भरात आला.

५. सुपरमॅन हे नाव नीत्शेकडून घेतलं असं वाचलं. हिटलरचाही त्याच्याशी संबंध होता का?

शब्द नीत्शेकडून आला हे खरं, पण वळसा घेऊन. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८३ ते १८८५ या काळात लिहिलेल्या झरथुष्ट्रावरच्या ग्रंथात "ऊबरमेन्श" हा शब्द वापरला. त्याचा अर्थ नेहमीच्या नीतीच्या, नेहमीच्या माणूसपणाच्या वर गेलेला माणूस. इंग्रजीत आणताना आधी वेगळे शब्द वापरून पाहिले गेले. "सुपरमॅन" रुळला तो १९०३ मध्ये बर्नार्ड शॉ यांनी तो आपल्या नाटकाच्या नावात घातल्यावर. पुढे तो वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, कुणाही जबरदस्त माणसासाठी वापरला जाऊ लागला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधल्या दोन पोरांपर्यंत तो पोचला तेव्हा त्याला तत्त्वज्ञानाचा वास फारसा उरलेला नव्हता.

ती दोन पोरं म्हणजे जेरी सीगल आणि जो शुस्टर. दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या हौशी अंकात सुपरमॅन नावाची एक गोष्ट छापली, आणि त्या गोष्टीतला सुपरमॅन खलनायक आहे! मंदीचे दिवस. फुकटच्या भाकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या एका भुकेल्या माणसाला एक प्राध्यापक गाठतो आणि त्याच्यावर औषधाचा प्रयोग करतो. त्याला दुसऱ्याच्या मनातलं कळू लागतं. ताकद आल्याबरोबर तो जगावर राज्य करायला निघतो. शेवटी औषध उतरतं आणि तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

पाच वर्षांनी त्याच नावाचा त्यांचा दुसरा सुपरमॅन आला तो मात्र दुबळ्यांच्या बाजूने लढणारा. या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना मला हीच वाटते. "लोकांच्या वर असलेला" हा अर्थ तिथे "लोकांसाठी असलेला" असा वळला.

नाझींनी "ऊबरमेन्श" आपल्या वंशाच्या घमेंडीसाठी राबवला, नेमका उलट दिशेने. त्यामुळे एप्रिल १९४० मध्ये एसएस या नाझी दलाच्या मुखपत्राने सीगलवर तो ज्यू असल्याचं काढून विखारी लेख लिहिला यात नवल नाही. निमित्त होतं एका अमेरिकी मासिकात आलेल्या दोन पानांचं. त्यांत सुपरमॅन हिटलरला मानगुटीला धरून राष्ट्रसंघापुढे उभा करतो.

६. जगातला पहिला सुपरहिरो कोण?

बहुतेक अभ्यासकांचं उत्तर सुपरमॅन. अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, मुखपृष्ठावर जून १९३८, किंमत १० सेंट. मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणा: निळ्या कपड्यातल्या माणसाने हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटली आहे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून पळतोय.

तो सुपरमॅन उडत नव्हता. त्याची उडी साधारण २०० मीटरची, धावणं आगगाडीपेक्षा वेगवान, आणि कातडी अशी की फुटत्या तोफगोळ्याहून कमी कशानेही भेदली जात नाही. पहिल्याच अंकात त्याने काय केलं ते पाहा. खोट्या आरोपावरून विजेच्या खुर्चीत बसणार असलेल्या बाईला वाचवलं. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवला. मग लाचखोरीत अडकलेल्या एका सिनेटरचा माग काढत तो वॉशिंग्टनला पोचला. परग्रहावरचे राक्षस नाहीत, जग बुडवणारं यंत्र नाही. त्या काळचं वर्तमानपत्र उघडलं तर ज्या बातम्या दिसल्या असत्या, त्यांच्याशीच त्याचं भांडण आहे.

सुपरमॅनच का पहिला, याचं उत्तर प्रश्न १ मधल्या तीन खुणांत आहे. त्या तिन्ही एकाच पात्रात ठळकपणे त्याच्यापाशीच आल्या, आणि त्याची नक्कल करायला लगेच रांग लागली. बॅटमॅन १९३९ मध्ये, कॅप्टन मार्व्हल ("शझाम" म्हणताच शक्ती येणारा) १९४० मध्ये, वंडर वूमन १९४१ मध्ये.

७. पण झोरो, फँटम हे तर त्याच्याही आधीचे. त्यांना का मोजत नाहीत?

मोजतात, पण पूर्वसूरी म्हणून. स्कार्लेट पिंपर्नेल (नाटक १९०३, कादंबरी १९०५) आणि झोरो (१९१९) यांनी दुहेरी आयुष्याची युक्ती दिली: दिवसा नेभळट सरदारपुत्र, रात्री शूर. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा फँटमने दिला. ली फॉक यांची ही चित्रमालिका फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू झाली. पण झोरो आणि फँटम या दोघांकडेही अमानवी शक्ती नाही.

जपानचा दावा मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावर चित्रं दाखवून गोष्टी सांगणारे कामिशिबाईवाले होते. त्यांच्या गोष्टींत "ओगोन बाट" नावाचं कवटीच्या तोंडाचं, लाल झग्यातलं पात्र होतं. ते उडायचं आणि दुष्टांशी लढायचं. आपल्या चित्रकथी परंपरेसारखीच ही कला, हाती चित्र आणि तोंडी गोष्ट. सुपरमॅनवर त्याचा प्रभाव पडला नाही, पण कालक्रमाने ते आधीचं आहे हे मान्य करायला हवं.

८. फँटमला मराठीत "वेताळ" का म्हणायचे?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. इंग्रजीसोबत हिंदी, मराठी आणि इतर भाषांतून ते निघायचं आणि पहिले अंक फँटमचे होते. १९९० मध्ये ते बंद पडलं, पण तोवर आपल्या दोन पिढ्या वेताळावर वाढल्या. (पुढे त्यात १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूरही आला. कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा तो नायक आपल्या मातीतला होता.)

इंग्रजीत फँटम म्हणजे भूत, आणि त्याचं टोपणनाव "चालणारं भूत". भाषांतर करणाऱ्याला नुसतं "भूत" म्हणता आलं असतं. पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा राजा असला तरी गावाचा राखणदारही आहे. रात्री तो गावाच्या वेशीवरून फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. फिरून फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा. पुण्यात तर अख्खी टेकडी त्याच्या नावाची आहे. जंगलाची राखण करणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या कधी मरतच नाही असं समजल्या जाणाऱ्या "चालणाऱ्या भुता"ला याहून चपखल नाव सापडलं नसतं. भाषांतर असं असावं, की मूळ पात्र आपल्याच गावचं वाटावं.

९. मारुती, भीम हे आपले सुपरहिरो नाहीत का?

मुलांना समजावताना तसं म्हटलं तर बिघडत नाही. भीमरूपी स्तोत्रातला मारुती अणूपासून ब्रह्मांडाएवढा होतो. असं सामर्थ्य कॉमिक्समध्येही क्वचितच सापडेल. पण शब्दाचा नेमका अर्थ विचाराल तर माझं उत्तर नाही असं आहे. मारुती हे दैवत आहे, त्याची उपासना होते, त्याच्या गोष्टीला भक्तीचा आधार आहे. सुपरहिरो हे आधुनिक शहरात जन्मलेलं, छापखान्यातून आलेलं कल्पित पात्र आहे. त्याची पूजा होत नाही, त्याच्यावर कुणाचा तरी मालकी हक्क असतो (प्रश्न १५ पाहा) आणि त्याला बहुधा दोन नावं असतात.

उलट दिशेने मात्र उधारी झाली आहे, आणि ती उघड आहे. "शझाम" हा शब्दच सॉलोमन, हर्क्युलिस, अॅटलस, झ्यूस, अकिलीज आणि मर्क्युरी या नावांच्या आद्याक्षरांचा आहे. आपल्याकडे दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या शक्तिमानची शक्ती योग आणि कुंडलिनीतून आलेली दाखवली होती, आणि एरवी तो चष्मा लावणारा बावळट वाटणारा गंगाधर. म्हणजे दोन नावांची युक्ती पश्चिमेची आणि शक्तीचा उगम इथला.

१०. बॅटमॅनकडे एकही शक्ती नाही. तो सुपरहिरो कसा?

तीन खुणांपैकी दोन इतक्या भक्कम असतील तर तिसरीवाचून भागतं. त्याचं ध्येय आणि त्याची ओळख, दोन्ही पूर्ण आहेत. शिवाय अफाट पैसा, यंत्रं आणि कसरतीने कमावलेलं शरीर मिळून शक्तीची जागा भरून काढतात. फँटमला मग का नाही, असं कुणी विचारेल. माझ्या मते फँटम उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत घेणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

११. फास्टर फेणे सुपरहिरो आहे का?

नाही, आणि म्हणूनच तो इतका जवळचा वाटतो. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकतो पुण्यात. त्याच्याकडे सायकल आहे, पायांत वेग आहे, डोक्यात कल्पना आहेत आणि तोंडात "ट्टॉक" आहे. मुखवटा नाही, दुसरं नाव नाही. तो साहसी नायक आहे. मराठीत हा प्रकार चांगला रुजला आणि पोशाखवाला सुपरहिरो तितका रुजला नाही.

१२. खऱ्या माणसांना सुपरहिरो म्हणावं का? शिवाजी महाराजांना, डॉक्टरांना, आपल्या आईला?

प्रेमाने म्हटलेल्या शब्दाला व्याकरण लावू नये. पण लिहिताना मी हा शब्द खऱ्या माणसांसाठी टाळतो. महाराजांचंच पाहा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, आणि १६७० पासून त्यांतले बरेचसे एकेक करून परत घेतले. त्यामागे हेर होते, हिशेब होते, रात्री कडा चढणारी माणसं होती, मरणारी माणसं होती. सुपरहिरोला हे काही लागत नाही, तो एका उडीत गडावर जातो. महाराजांना सुपरहिरो म्हटलं की त्यांच्या कर्तृत्वातला माणसाचा घाम पुसला जातो.

साथीच्या काळात सफाई कामगारांची चित्रं पाठीवर सुपरहिरोचा झगा लावून काढली गेली. भावना चांगली होती. पण सुपरहिरोला हातमोजे लागत नाहीत. माणसाला लागतात.

१३. मराठीत कसं लिहायचं: सुपरहिरो, सुपरहीरो की सुपर हिरो? आणि बाईसाठी काय?

"सुपरहिरो", एकत्र आणि "हि" ऱ्हस्व. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व, या "किडा", "विमा"च्या नेहमीच्या नियमात ते बसतं. "हीरो" चूक म्हणून कुणाला टोकू नये, परक्या शब्दांत दोन्ही दिसतात. चालवायचा असा: सुपरहिरोने, सुपरहिरोला, अनेकवचनी सुपरहिरोंनी, सुपरहिरोंना. जाता जाता: "शक्ती" दीर्घ, पण "शक्तिमान"मध्ये "क्ति" ऱ्हस्व.

बाईसाठी मी "सुपरहिरो"च वापरतो: "ती सुपरहिरो आली". लिंग क्रियापद सांगतं, ही आपल्या भाषेची सोय आहे. "हिरोईन" म्हटलं की आपल्या कानांना सिनेमातली नायिका ऐकू येते.

१४. याला मराठी प्रतिशब्द नाही का?

तीन सुचवले जातात. "अतिमानव" हा नीत्शेच्या कल्पनेसाठी योग्य आहे, आणि म्हणूनच इथे नको (प्रश्न ५). "महानायक" सिनेनट आणि पुढारी यांच्यासाठी कधीच खर्ची पडला. "अद्भुतवीर" छान वाटतो, पण तो कुणी बोलत नाही.

मला मात्र एक जुना शब्द इथे फार आठवतो. १९३८ च्या त्या पहिल्या अंकात सुपरमॅनची ओळख गांजलेल्यांच्या बाजूने लढणारा अशी करून दिली आहे. मराठीत त्याला म्हणतात "कैवारी". कुणाचा तरी कैवार घेतल्याशिवाय कैवारी होताच येत नाही, एकट्याने मोठं असण्याची त्यात सोय नाही. "सुपर"मध्ये जे नाही ते सगळं या शब्दात आहे. बोलताना सुपरहिरोच म्हणा, पण मुलाने अर्थ विचारला तर कैवारी सांगा.

१५. "सुपरहिरो" हा शब्द म्हणे कुणाच्या मालकीचा होता. हे खरं आहे?

अमेरिकेत, काही वस्तूंपुरतं, खरं होतं. मार्व्हल आणि डीसी या एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कॉमिक्स कंपन्यांनी मिळून या शब्दावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला होता. कॉमिक्ससाठीची त्यांची नोंदणी १९८१ ची. रोजच्या बोलण्यात किंवा लेखात शब्द वापरायला कुणाला बंदी नव्हती. पण एखाद्या लहान प्रकाशकाने तो आपल्या कॉमिकच्या नावात घातला की वकिलांची पत्रं यायची. अखेर सुपरबेबीज नावाच्या एका छोट्या कंपनीने ही चिन्हं रद्द करा असा अर्ज केला. दोन्ही बड्या कंपन्यांनी त्याला मुदतीत उत्तरच दिलं नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती चिन्हं रद्द झाली.

पात्रांवरचे हक्क ही निराळी गोष्ट. सुपरमॅन, स्पायडरमॅन ही नावं आणि चित्रं आजही कंपन्यांची आहेत. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले होते: पहिल्या गोष्टीची १३ पानं, पानाला १० डॉलर. पुढे दोघांनाही हलाखीत दिवस काढावे लागले. १९७५ मध्ये बरीच ओरड झाल्यावर त्यांना वर्षाला २०,००० डॉलरचं मानधन सुरू झालं, आणि सुपरमॅनच्या गोष्टींवर त्यांची नावं पुन्हा छापली जाऊ लागली.